न संपणारे खेळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मोबाईलवरचे खेळ हे मुळात खेळच नव्हेत, ते वेळ आणि पैसा उकळण्याचे साधन आहे, आणि ज्याला खेळाची खरी आवड आहे त्याने संगणकासमोर किंवा कन्सोलसमोर (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रासमोर) बसावे, असे तू ठामपणे लिहिले आहेस. तुझ्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक मला मान्य आहेत. काही तर याहूनही कडक शब्दांत मांडायला हव्यात. निष्कर्ष मात्र पटला नाही. तू सगळा दोष फोनच्या माथी मारतोस, आणि माझ्या मते तो कमाईच्या पद्धतीचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय या खेळांचे बरेवाईट ठरवता येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी स्पर्शाविषयी. बटणे नसल्यामुळे हाताला अंदाज लागत नाही, हा तुझा आक्षेप कन्सोलवरून उचलून आणलेल्या खेळांना पूर्णपणे लागू पडतो. काचेवर जॉयस्टिकचे चित्र काढून दिले की अंगठा त्यावरून केव्हा घसरला हे समजत नाही, दोन्ही अंगठ्यांखाली पडद्याचे कोपरे झाकले जातात आणि शत्रू नेमका तिथूनच येतो. वर फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. अशा खेळांची बाजू मी घेणार नाही. परंतु जे खेळ बोटासाठीच घडवले गेले, त्यांना याच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. २०१२ साली आलेला ‘द रूम’ घे. समोर एक गूढ पेटी असते आणि तिच्यात कुलपे, खिट्ट्या, चोरकप्पे, फिरत्या चकत्या लपवलेल्या असतात. किल्ली फिरवायची तर बोट गोल फिरवावे लागते, खिटी सरकवायची तर ती बोटाखालीच सरकते, आणि जड झाकण उचलताना ते बोटाच्या मागे किंचित रेंगाळत, आवाज करत वर येते. पुढे हाच खेळ संगणकावरही आला. तिथेही तो चांगलाच आहे, पण माऊसच्या टिचकीत तो पेटी चाचपण्याचा भास उरत नाही. इथे फोन हा कन्सोलचा गरीब भाऊ नाही. या खेळापुरता तो अधिक योग्य आहे.

याहून मोठे उदाहरण म्हणजे २०१८ चा ‘फ्लॉरेन्स’. एका तरुणीच्या पहिल्या प्रेमाची आणि ते संपण्याची ही गोष्ट आहे, आणि तासाभराच्या आत ती पूर्ण होते. पहिल्या भेटीत ती बोलू लागते तेव्हा तिचे वाक्य आपल्याला वाचायला मिळत नाही. रिकामा संवादफुगा मिळतो आणि त्याचे तुकडे जुळवून तो भरावा लागतो. सुरुवातीला तुकडे पुष्कळ असतात, म्हणजे बोलणे अवघड जाते. ओळख वाढते तसे तुकडे कमी आणि मोठे होत जातात, आणि एका क्षणी काही जुळवावेच लागत नाही. पुढे भांडणाच्या वेळी त्याच तुकड्यांच्या कडा टोकदार होतात. संकोच, सलगी आणि कटुता या तिन्ही गोष्टी एकही शब्द न लिहिता बोटांच्या श्रमातून पोहोचवल्या आहेत. हे कथेत जमत नाही, चित्रपटात जमत नाही, आणि कंट्रोलरची बटणे दाबूनही इतक्या सहजतेने जमले नसते. ज्या माध्यमात असे काही निर्माण होऊ शकते त्याला तू कचरा म्हणावेस, याचे मला मनापासून वाईट वाटले.

दुसरे बलस्थान म्हणजे थोडक्या वेळाची कला. १९९७ च्या नोकिया ६११० फोनवरचा सापाचा खेळ तुला आठवत असेलच. चार बटणे, एक रेघ, आणि वाढत्या शेपटीमुळे स्वतःच स्वतःची अडचण होण्याची साधी, अचूक कल्पना. फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेला ‘थ्रीज’ मी त्याच परंपरेतला मानतो: चार गुणिले चार चौकटींत आकडे सरकवायचे, एक आणि दोन मिळून तीन होतात, त्यानंतर समान आकडेच एकमेकांत मिसळतात. नियम मिनिटाभरात समजतात, पण आज केलेली घाई दहा चालींनंतर अंगलट येते हे समजायला बरेच खेळावे लागते. एका हाताने, उभ्या फोनवर, मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येईल असा विचारी खेळ रचणे सोपे नाही. कन्सोलवर पहिला तास शिकवण्यात गेला तरी खपते, इथे ती सवलत नसते. शिवाय ज्यांनी आयुष्यात कधी कन्सोल विकत घेतला नसता अशा असंख्य माणसांच्या हाती खेळ पहिल्यांदा आला तो फोनमुळेच, हेही विसरू नकोस.

मात्र ‘थ्रीज’चीच कथा पुढे वाचली की तुझ्या बाजूचा मुद्दा समोर येतो. निर्मात्यांनी वर्षभराहून अधिक काळ घासूनपुसून केलेल्या या खेळाच्या नकला काही आठवड्यांत निघाल्या, आणि मार्चमध्ये अशाच एका नकलेवरून सुचलेला ‘२०४८’ फुकट असल्यामुळे मूळ खेळापेक्षा कितीतरी अधिक लोकांपर्यंत पोहोचला. ‘२०४८’ करणाऱ्या तरुणाला मी दोष देत नाही; त्याने आपला खेळ सर्वांसाठी खुला ठेवला होता. पण ज्या बाजारात नक्कल फुकट मिळते तिथे मूळ वस्तूची किंमत मागणारा माणूस उद्धट ठरू लागतो, आणि इथूनच सगळे बिघडत गेले.

ॲपलचे ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झाले तेव्हा खेळ विकत घ्यायचा आणि खेळायचा, असा सरळ व्यवहार होता. २००९ च्या ऑक्टोबरात फुकट ॲपच्या आतही खरेदी ठेवण्याची मुभा मिळाली. हा बदल हिशेबाचा वाटतो, परंतु त्याने रचनेचा हेतूच पालटला. आधी पैसे घेतलेल्या निर्मात्याला खेळ चांगल्या ठिकाणी संपवता येतो. ज्याची मिळकत खेळणारा उद्या परत येण्यावर आणि परवा काही विकत घेण्यावर अवलंबून आहे, त्याला खेळ संपू देणे परवडतच नाही. माझी सारी तक्रार या एका ठिकाणी येऊन थांबते.

रंगीत गोळ्या जुळवून फोडायचा ‘कँडी क्रश सागा’ हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले रूप. त्याच्या रंगसंगतीत, आवाजात, एका चालीने चार ठिकाणी होणाऱ्या पडझडीत खरे कौशल्य आहे, हे मी नाकारत नाही. पण पाच जीव संपले की दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे ते परत मिळण्याची वाट पाहायची, ही अडचण खेळातली नव्हे; ती विकण्यासाठी मुद्दाम उभी केलेली आहे. चाली संपतात तेव्हा अनेकदा एखादीच गोष्ट फोडायची राहिलेली असते, आणि नेमक्या त्याच क्षणी जादा पाच चाली विकायला समोर ठेवल्या जातात. त्यांची किंमत पैशांत नसते, सोन्याच्या विटांत असते. विटांचे गठ्ठे असे बांधलेले असतात की खरेदीनंतर थोड्या उरतात आणि उरलेल्या वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा घ्याव्याशा वाटतात. हरल्याची चुटपुट ही खेळातली फार सुंदर भावना आहे. तिच्यामुळेच आपण डाव पुन्हा मांडतो, नवी युक्ती शोधतो. त्या भावनेला विक्रीचे साधन बनवणे मला अक्षम्य वाटते.

‘गाचा’ पद्धतीत, म्हणजे खेळातली पात्रे किंवा वस्तू नशिबाच्या सोडतीने देण्याच्या पद्धतीत, तर याहून पुढची पायरी गाठली जाते. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा २०२० चा खेळ मी पाहिला आहे. डोंगर, वारा, संगीत यांवर घेतलेली मेहनत पाहून थक्क व्हायला होते, आणि एवढे विस्तीर्ण जग फोनवर फुकट फिरायला मिळते हे खरेच आहे. पण हवे ते दुर्मीळ पात्र मिळवायचे तर नशिबाची सोडत काढावी लागते. पंचतारांकित पात्र मिळण्याची मूळ शक्यता दर सोडतीला ०.६ टक्के असते आणि नव्वदाव्या सोडतीपर्यंत एक मिळण्याची हमी असते. बक्षीस केव्हा मिळेल हे ठाऊक नसले की कृती सर्वांत चिकाटीने केली जाते, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात पक्षी आणि उंदीर यांच्यावरच्या प्रयोगांतून दाखवून दिले होते. जुगाराची यंत्रे त्यावरच चालतात. ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये अशा शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले, ते योग्यच झाले. परंतु आकडा छापल्याने मोह कमी होत नाही. जपानने २०१२ मध्ये ‘कम्प्लीट गाचा’ हा, सोडतीतल्या वस्तूंचा ठरावीक संच पूर्ण केला तरच मोठे बक्षीस देणारा प्रकार बेकायदा ठरवला आणि २०१८ मध्ये बेल्जियमच्या नियामकांनी पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेट्यांना जुगार म्हटले. मला बेल्जियमची भूमिका अधिक प्रामाणिक वाटते. अशा खेळांची बहुतेक मिळकत थोड्याच लोकांकडून येते, आणि ते थोडे लोक श्रीमंतच असतील याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

लहान मुलांविषयी तुझी काळजी रास्त आहे. पालकांच्या संमतीशिवाय मुलांनी केलेल्या खरेदीबद्दल ॲपलला अमेरिकेत २०१४ मध्ये किमान ३.२५ कोटी डॉलर परत करण्याचे मान्य करावे लागले होते. मात्र व्यसन हा शब्द तू सरसकट वापरतोस, तिथे मी थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात २०२२ पासून लागू झालेला ‘गेमिंग डिसऑर्डर’ तासांच्या संख्येवरून ठरत नाही; खेळण्यावरचा ताबा सुटणे आणि त्यामुळे आयुष्याची इतर अंगे उद्ध्वस्त होणे, तेही साधारण वर्षभर, असे त्याचे निकष आहेत. २०२१ मध्ये चीनने अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी एकेक तासच ऑनलाइन खेळण्याची परवानगी दिली, तो उपाय मला याच कारणाने अपुरा वाटतो. घड्याळ लावले की सोडतीच्या यंत्राचा एक तास आणि डोके लावून खेळलेल्या कोड्याचा एक तास सारखेच मोजले जातात. मुलाने किती वेळ खेळले याआधी, त्या वेळात खेळाने त्याच्याकडून काय करवून घेतले, हे मी विचारीन.

आता थोडे कटू लिहितो. या परिस्थितीला आपण खेळणारेही जबाबदार आहोत. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा २०१४ चा देखणा खेळ आठव; अशक्य वाटणाऱ्या वास्तू फिरवून वाट काढायची त्याची कल्पना सर्वांनी डोक्यावर घेतली. त्याच वर्षी निर्मात्यांनी नवी प्रकरणे माफक किमतीला दिली, तर ती फुकट का नाहीत म्हणून अनेकांनी एकेक तारा देऊन राग काढला. डिसेंबर २०१६ मध्ये निन्टेंडो या जपानी खेळ-कंपनीने ‘सुपर मारियो रन’ आणला. थोडा भाग फुकट, आणि एकदाच सुमारे दहा डॉलर दिले की सगळा खेळ आपला. लोकांनी तो कोट्यवधी वेळा डाउनलोड केला, किमतीवर नाराजी नोंदवली, आणि अपेक्षित नफा झाला नाही असे कंपनीला सांगावे लागले. त्याच कंपनीच्या, सोडतीवर चालणाऱ्या ‘फायर एम्ब्लेम हीरोज’ने मात्र भरपूर कमावले. अशा वेळी पुढच्या निर्मात्याने कोणता धडा घ्यावा? कॉफीच्या पेल्याइतकी किंमत एकदा द्यायला आपण कुरकुरतो आणि मग खेळ आपल्याला लुबाडतात म्हणून पत्रे लिहितो.

एका दोषाचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही, आणि मला तो फार सलतो. हे खेळ टिकत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीचे कार्ट्रिज, म्हणजे खेळ साठवलेली डबी, कन्सोलमध्ये बसवले तर बहुधा आजही चालते. सप्टेंबर २०१७ मध्ये आयफोनच्या अकराव्या प्रणालीने जुन्या बांधणीच्या (३२-बिट) ॲपना दार बंद केले, आणि ज्यांच्या निर्मात्यांकडे सुधारून देण्याइतके बळ नव्हते ते हजारो खेळ एका फटक्यात चालेनासे झाले. फोनवर काय शक्य आहे हे ज्याने २०१० मध्ये जगाला दाखवले तो ‘इन्फिनिटी ब्लेड’ हा खेळ २०१८ च्या अखेरीस ॲप स्टोअरमधून काढला गेला. वर्गणी भरून जाहिरातींविना खेळण्याची ॲपल आर्केडसारखी सोय मला जीव आणि रत्ने विकण्यापेक्षा पुष्कळ सभ्य वाटते, पण तिथेही करार संपला की खेळ नाहीसे होतात. विकत घेतलेली गोष्ट आपल्याजवळ राहणार नसेल, तर तिला कला म्हणून जपणार तरी कोण?

तरीही मी निराश नाही. २०२४ मध्ये फोनवर आलेला ‘बलाट्रो’ एकदाच पैसे घेतो, जाहिरात दाखवत नाही, काही विकत नाही. पोकरच्या पानांवर रचलेला असूनही त्यात पैशांचा जुगार नाही, आणि विकत घेण्याच्या खेळांत तो अगदी वरच्या स्थानी पोहोचला. प्रामाणिक व्यवहाराला गिऱ्हाईक उरलेलेच नाही, हे म्हणणे त्याने खोटे पाडले.

तेव्हा माझे एवढे ऐक: ‘फ्लॉरेन्स’ विकत घे, कानाला हेडफोन लाव आणि एका बैठकीत संपव. ‘द रूम’ त्यानंतर खेळ, आणि अडलास तर लगेच इशारा मागू नकोस. पेटी सर्व बाजूंनी फिरवून पाहा. स्पर्धात्मक नेमबाजीच्या खेळांविषयीचा तुझा मुद्दा मी मुद्दामच बाजूला ठेवला आहे, कारण ते मी फारसे खेळत नाही आणि तू मात्र संगणकावर वर्षानुवर्षे खेळत आला आहेस. फोनवर ते खेळणाऱ्यांचा सराव कितपत खरा मानायचा, आणि नेम साधायला प्रणाली आपणहून जी मदत करते ती योग्य की अयोग्य, याविषयी तूच सविस्तर लिही. उत्तराची वाट पाहतो.

तुझा स्नेही

ता. क. ‘थ्रीज’ घेतलास तर सर्वांत मोठा आकडा कोपऱ्यात ठेव आणि तिथून हलवू नकोस. बाकीचे तुझे तुला सापडेल.