उसाचा दर आणि जिनिव्हातल्या रिकाम्या खुर्च्या

महोदय,

उसाच्या बिलाची पावती मी चष्मा लावून दोनदा वाचतो. वजन, कपाती, एफआरपीचा (सरकारने ठरवून दिलेल्या किमान दराचा) हप्ता. त्या दरावर जिनिव्हात खटला चालला, हे गावात फारसं कुणाला ठाऊक नाही. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने डिसेंबर २०२१ मध्ये निकाल दिला की, २०१४-१५ पासूनच्या पाच हंगामांत भारताने उसाला उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर आधार दिला. पैसे कारखाने देतात, सरकार नाही, हा आपला बचाव टिकला नाही. (बिल थकलं की आम्हालाही हेच ऐकवतात!)

त्यावर आपण अपील केलं, तेही संघटनेच्या, सदस्यच नसलेल्या अपील मंडळाकडे. तिथल्या सातही खुर्च्या रिकाम्या, कारण अमेरिकेने नेमणुका अडवल्या. निकाल लटकला म्हणून मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण उद्या आपली द्राक्षं कुणी नाहक अडवली, तर आपण दाद कुठे मागायची? कारखान्याच्या सभेत हेच विचारलं, तर अध्यक्ष म्हणाले, ‘आबा, आधी चहा घ्या.’

– एक ऊस उत्पादक, शिरोळ (जि. कोल्हापूर)