पत्र्याखालचा उष्णतेचा धडा

सोलापूर,
एप्रिल अखेर

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. ‘शाळेत कसलं इंजिनिअरिंग शिकवतोस, आधी पोरांना उष्णतेचा धडा तरी कळू दे,’ असं लिहिलंयस. परवा पेपर तपासून संपले, म्हणून आज सवडीने भांडतो.

ज्याला तू इंजिनिअरिंग म्हणतोस, तो उष्णतेचाच धडा होता. वहन, अभिसरण, प्रारण, म्हणजे उष्णता पसरायच्या तीन तऱ्हा. सातवीच्या पोरांना तिन्ही व्याख्या तोंडपाठ. आमची पोरं पूर्व भागातली, बऱ्याच घरी तेलुगू, आईबाप यंत्रमागावर नाहीतर विड्या वळायला. कितीतरी घरांवर पत्रा. दुपारी पत्र्याखाली का बसवत नाही असं विचारलं, तर उत्तर काय, ‘सर, ऊन लई असतंय.’ तोंडपाठ व्याख्या घरापर्यंत पोचलीच नव्हती.

मग पुठ्ठ्याची सारखी खोकी घेतली, वर पत्र्याचं झाकण, आत थर्मामीटर. चौघांचा गट. झाकणावर काय वाटेल ते करा, पण खर्च वीस रुपयांच्या आत. आणि काय होईल, का होईल, ते प्रत्येकाने आधी आपापल्या वहीत लिहायचं. हे न केल्यास गटातलं एक हुशार पोर सगळं उरकतं आणि बाकीचे सुतळी धरून उभे राहतात. एक खोकं काहीही न करता तसंच ठेवायचं होतं. ते कशाला, यावर अर्धा तास वाद झाला. मला विचारशील तर त्या दिवसाची खरी कमाई तो वादच.

कुणी चुना फासला, कुणी ओलं पोतं टाकलं. एका गटाने मागावरचं वाया गेलेलं सूत आणून पत्र्याखाली दाबून बसवलं. फरक जेमतेम. मग एका मुलीने ते पिंजून, फुगवून भरलं आणि पारा आणखी खाली राहिला. अडवते ती सुतात अडकलेली हवा, हे मी सांगायच्या आधी तिनेच सांगितलं. विज्ञान प्रदर्शनात विकतचा थर्माकोल आणि बापाने रात्री जागून केलेला ज्वालामुखी मांडतात ना, त्यात ही दुसरी खेप कधीच नसते. २०१६पासून अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे शाळेत पोरांनी वस्तू बनवून पाहायच्या केंद्र सरकारच्या प्रयोगशाळा, आल्या, काही शाळांत थ्रीडी प्रिंटरही आहेत. असू देत. पण काही करून पाहिलं, फसलं, ते बदलून पुन्हा मोजायला दुसरा तास मिळत नसेल, तर प्रिंटर घेऊन काय करायचं?

पहिला नंबर ओल्या पोत्याचा. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढली जाते, तेव्हा नवल नाही. पण एक पोरगा म्हणाला, ‘भिवंडीला मामाकडे कूलर लावला तरी घाम जात नाही.’ तिथली हवा दमट, आपली कोरडी. बाष्पीभवनाचा धडा त्याच्या मामानेच घेतला म्हण. मागच्या बाकावरून लगेच दुसरा सवाल, ‘नळाला पाणी कवा येतंय, सर? पोत्यावर कोण ओतणार?’ उजनी धरणाचं पाणी भरून ठेवलेल्या पिंपातून पत्र्यावर ओतायचं म्हटलं तर आई काय म्हणेल, हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा पाण्याचा खर्चही धरायचा असं ठरलं आणि चुना पहिला आला. सुहास, हे इंजिनिअरिंग नाही तर काय आहे?

आमचे एक सहकारी म्हणतात, एवढ्या तासांत दोन धडे झाले असते. झाले असते, खरंच. परीक्षेत अजूनही ‘प्रारण म्हणजे काय?’ एवढंच विचारतात. त्यावर माझ्याकडे तोड नाही. मी वर्षात असे दोन-तीनच धडे निवडतो, बाकीचे फळ्यावरच.

आता तुझं काम. शंभर चौरस फूट पत्र्यावरचं पोतं भर दुपारी ओलं ठेवायला किती पाणी लागेल? चौरस मीटरला १००० वॅट ऊन धरलं आणि ते सगळं वाफेतच गेलं असं मानलं, तर माझं उत्तर तासाला चौदाएक लिटर येतं. वाऱ्याचा हिशेब मला जमलेला नाही. तो घालून कळव. जूनमध्ये पोरं हाच आकडा काढणार आहेत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता