श्रेयांक हस्तांतरणात मदत करणाऱ्यांचे आभार

एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात प्रवेश घेताना माझे आधीचे श्रेयांक (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे क्रेडिट) ग्राह्य धरले गेले, त्यामागे ज्यांचे कष्ट आहेत त्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानते. जुन्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातील ज्या लिपिकांनी गुणपत्रकांच्या जोडीला प्रत्येक विषयाचा, मी तो शिकले त्याच वर्षीचा, अभ्यासक्रम शोधून प्रमाणित करून दिला, त्यांचे ऋण सर्वांत मोठे आहे; कारण समकक्षता, म्हणजे दोन्हीकडचे विषय सारखे मानले जाणे, केवळ विषयाच्या नावावरून नव्हे, तर त्यातील घटक, तासिका आणि प्रात्यक्षिके पाहून ठरते, आणि नेमका तोच कागद अनेकांजवळ नसतो. नव्या विभागातील ज्या प्राध्यापिकांनी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून घटकवार ताडून पाहिले आणि सांख्यिकीचा माझा विषय नाव वेगळे असूनही समकक्ष असल्याचे समितीला लेखी कळवले, त्यांची मी कृतज्ञ आहे. तिमाही सत्रातील ३ श्रेयांक सहामाही सत्रात २ धरले जातात, हा हिशेब शांतपणे समजावून सांगणाऱ्या वरिष्ठ विद्यार्थ्यालाही धन्यवाद. (हा हिशेब प्रवेशपुस्तिकेत छापला जावा, असे मला मनापासून वाटते.) आपणा सर्वांमुळे उत्तीर्ण झालेले विषय मला पुन्हा घ्यावे लागले नाहीत.