मिस्त्रीमामा, 'स्प्रिंग हिकडं आणायची' म्हणालात त्याबद्दल

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. घरच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीचं काम करणाऱ्या आम्हा मंडळींना उद्यमनगरात तुमच्याकडून पाने मिळाले, सल्ला मिळाला, कधी डब्यातला एखादा नटही मिळाला. पण पुढचे शॉकअप बदलायच्या कामात सगळ्यात उपयोगी पडला तो तुमचा नकार. पुढे शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून एकच खांब असतो, तो स्ट्रट; शॉकअप बदलायचा तर स्प्रिंग दाबून मोकळी करावी लागते. स्प्रिंग दाबायचे हुक मागायला कुणी आलं की उत्तर ठरलेलं: "स्ट्रट काढा तुम्ही, चढवा तुम्ही. स्प्रिंग मात्र हिकडं आणायची."

त्या नकारामागचं कारण नव्याने या कामाला हात घालणाऱ्यांना कळावं, म्हणून इथे लिहितो. नऊशे किलोच्या हॅचबॅकचं साठेक टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं, म्हणजे एकेका स्प्रिंगवर अडीचशे किलोच्या आसपास भार. गाडी उचलली, चाक लटकलं, की तो कमी होतो, पण संपत नाही. स्ट्रटचा दांडा पूर्ण बाहेर आला तरी स्प्रिंग जिच्यात बसते ती खालची वाटी आणि स्ट्रट बॉडीला धरणारं वरचं माउंटिंग यांच्यामध्ये स्प्रिंग दाबलेलीच राहते आणि तिला अडवून धरतो दांड्याच्या टोकाचा एकच नट. बऱ्याच गाड्यांत बॉनेट उघडलं की नेमका तोच समोर दिसतो. ज्या गाड्यांत माउंटिंग दोन-तीन छोट्या नटांनी बॉडीला धरलेलं असतं, तिथे ते कडेचे नट काढायचे, मधल्याला हात लावायचा नाही. काही गाड्यांत वर मधला एकच नट असतो आणि स्प्रिंग धरणारा नट त्याच्याखाली वेगळा. आपल्या गाडीत कुठला कशाला आहे, हे मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय पाना लावू नये.

हुकांचं दुखणं आणखी वेगळं. ते जोडीने येतात, स्प्रिंगच्या दोन बाजूंना समोरासमोर लावायचे आणि आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, असा हिशेब. पण वेढा तिरका असतो. आवळत गेलं की हुक वेढ्यावरून घसरत एकमेकांकडे सरकतात, स्प्रिंग एका अंगाला दबते आणि दुसऱ्या अंगाला फुगून कमान धरते. त्यात कुणी घाईने इम्पॅक्ट गन (ठोके देत नट आवळणारं यंत्र) लावली तर स्क्रूचे आटे तापून तिथेच जाम होतात: पुढेही जात नाहीत, मागेही येत नाहीत, आणि हातात दाबलेली स्प्रिंग. तुमच्याकडच्या स्प्रिंग दाबायच्या प्रेसचा वरचा आणि खालचा जबडा वेढ्याला धरून सरळ रेषेत दाबतो. पाच-दहा मिनिटांच्या कामासाठी हुकांची जोखीम घ्यायची, याला हौस म्हणत नाहीत.

आणि प्रेसपाशी उभं राहून जे बघायला मिळतं ते कुठल्याही व्हिडिओत नीट दिसत नाही. उघडण्याआधी तुम्ही खालची वाटी, स्प्रिंग, वरची सीट आणि माउंटिंग यांवरून खडूची एक उभी रेघ ओढता. स्प्रिंग वाटीत हाताने फिरायला लागली की दाबणं थांबवता, वर एक आटाही जास्त नाही. मधला नट खोलताना दांडा फिरू नये म्हणून वरच्या खाचेत एल-की (एल आकाराची षटकोनी किल्ली) धरता. चकचकीत दांड्याला पकड लावलेली तुम्हाला खपत नाही, कारण त्यावर एक चरा उठला की प्रत्येक खड्ड्यात तो चरा तेल अडवणारं सील कापत राहतो आणि नवा शॉकअप काही महिन्यांत ओला होतो. नवा स्ट्रट बसवण्याआधी उभा धरून दांडा चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण बाहेर काढायचा. दुकानात आडवा पडलेला असताना तेलात शिरलेली हवा त्याने निघते. एरवी पहिल्या दिवशी दांडा मध्येच रिकामा धावतो आणि माणूस म्हणतो, माल खराब दिला.

जुळणीत लोक चुकतात ते दोनच ठिकाणी. स्प्रिंगचं खालचं टोक वाटीतल्या पायरीपाशी येऊन बसलं पाहिजे. ते पायरीवर चढलं तर गाडी खाली उतरल्यावर 'टंग' करून सरकतं आणि पुढे रोज सरकतं. दुसरं ठिकाण म्हणजे माउंटिंगखालचं बेअरिंग, स्टेअरिंगबरोबर स्ट्रटला फिरू देणारं. उलटं बसलं तरी नट लागतो, गाडीही चालते, पण स्टेअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर (दांड्यावरचा रबरी ठोकळा) आणि डस्ट बूट (दांड्यावरचं धूळ अडवणारं आवरण) शॉकअपबरोबरच नवे घ्या, हा तुमचा आग्रह सुरुवातीला खर्चिक वाटतो. जुनं बेअरिंग बदलायला परत तेवढंच सगळं उतरवावं लागतं, हे कळलं की वाटत नाही.

आता घरचं काम. खरेदीच्या आधी तपासणी, कारण तुमच्याकडे 'शॉकअप गेला' म्हणून आलेल्या कित्येक गाड्या लिंक रॉड (गाडीचं डुलणं रोखणाऱ्या आडव्या दांड्याला स्ट्रटशी जोडणारी छोटी दांडी) बदलून परत गेल्यात. सावकाश जाताना छोट्या खाचखळग्यांवर खडखड येते ती बहुधा लिंक रॉडची. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग अडखळून सुटल्यासारखी वाजते ते वरचं बेअरिंग. शॉकअपच्या अंगावर नुसता धुळीचा ओलसर थर असला तर चालतं. तेलाचे ओघळ वाटीखाली उतरले असतील, टायरची नक्षी टप्प्याटप्प्याने झिजली असेल, भुईबावडा घाटात वळणावर गाडी डुलत राहत असेल, तर मात्र दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. डावा-उजवा नीट बघून घ्यायचा, ब्रेकच्या पाइपची पट्टी आणि एबीएसच्या वायरची क्लिप दोन्हींवर उलट बाजूंना असते.

आदल्या रात्री स्ट्रटच्या खालच्या दोन मोठ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. सकाळी सपाट जागा, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करायचे. उचलल्यावर दोन्ही बाजूंना स्टँड, ते चाकाला खालून धरणाऱ्या आर्मखाली नाही, बॉडीच्या ठरलेल्या जागी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातही घालायचा नाही.

चाक काढल्यावर ब्रेकचा पाइप आणि वायर स्ट्रटपासून सोडवायची. लिंक रॉडचा नट फिरवताना मागची बॉल पिनही बरोबर फिरते. तिच्या टोकाला एल-कीची खाच असते, नसेल तर मागे पातळ पाना धरायला चपटी जागा. मग नकलचे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाचे, दोन बोल्ट. सैल करण्याआधी स्ट्रटची पट्टी आणि नकल यांच्या सांध्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारून घ्या, बोल्टचं डोकं पुढे होतं की मागे तेही बघून ठेवा. बोल्टच्या मानेला दाते असतील तर डोकं फिरवायचं नाही, फक्त नट. बोल्ट ठोकून काढावा लागला तर नट त्याच्या टोकाच्या पातळीपर्यंत परत लावून मगच हातोडा, नाहीतर टोक पसरतं आणि नवा नट आट्यावर चढत नाही.

बोल्ट निघताक्षणी नकल बाहेरच्या बाजूला कलतं. त्याला आधीच तारेने बांधून ठेवलेलं असावं. मोकळं सोडलं तर भार ब्रेकच्या पाइपवर येतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतला सांधा ओढला जाऊन रबरी बूटच्या आत सुटतो. तो सुटला तर शॉकअपचं काम बाजूला आणि शाफ्टचं काम सुरू. वरचे नट काढताना शेवटच्या नटाला एकाने खालून स्ट्रट धरायचा. एकट्याने हे करू नये.

चढवताना उलट क्रम: आधी वरचे नट हाताने, मग खाली नकल. भोकं जुळत नसतील तर खालच्या आर्मला जॅकने हळूच वर घ्यायचं, बोल्ट ठोकून घुसवायचा नाही. लॉकनट एकदा काढले की नवेच घालायचे. आवळायचा आकडा त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधला, टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) लावून. 'अंदाजाने कच्चून' हे माप वरच्या छोट्या नटांना सोसत नाही. घट्ट करण्याआधी नव्या स्ट्रटची पट्टी नकलवरच्या पांढऱ्या रेघेशी जुळवा. दोन बोल्टांमध्ये ६० मिलिमीटर अंतर धरलं तर वरच्या बोल्टापाशी १ मिलिमीटरची सरक म्हणजे कॅम्बरमध्ये (चाकाच्या उभ्या कलात) जवळपास १ अंशाचा फरक, आणि तेवढ्यात टायर एका कडेने झिजायला लागतो. रेघ जुळली तरी अलाइनमेंट टळत नाही, त्याच दिवशी करून घ्यायची. चाक लावण्याआधी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून ब्रेकचा पाइप पिळलेला किंवा ताणलेला नाही ना हे बघायचं. चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे.

एक गोष्ट कोकणात गाड्या असलेल्यांसाठी, तीही तुमचीच. स्प्रिंगवरचा रंगाचा थर जबड्याने उडाला तर तिथे लगेच रंगाचा हात द्या. खाऱ्या हवेत तिथूनच गंज आत शिरतो आणि स्प्रिंग मोडते ती त्याच वेढ्यापाशी. म्हणून तुमच्या जबड्यांना रबराची पट्टी गुंडाळलेली असते. इतरत्र ती क्वचितच दिसते.

पावसाळ्याआधी मागच्या शॉकअपचा नंबर आहे. आमच्या बहुतेक गाड्यांत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, त्यामुळे तुमच्या प्रेसचं काम पडणार नाही. शॉकअपचा खालचा बोल्ट काढण्याआधी ॲक्सलखाली जॅक टेकवलेला असेल, आणि रबरी बुश (सांध्यातलं रबराचं नळकांडं) असलेले बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळले जातील. नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत धरला जातो आणि लवकर फाटतो. टॉर्क रेंच तेवढा शनिवारी संध्याकाळी लागेल. चहा या वेळी आमच्याकडून.

आपले,
रविवारी गाडीखाली सापडणारे सगळे, कोल्हापूर