आधी भिंतीवरचा कागद तरी राहू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या विद्यार्थी वृत्तपत्रांवरचा कालचा लेख वाचला. ‘स्टॅनफोर्ड डेली’त पहिल्या वर्षाच्या मुलाने स्टॅनफोर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या संशोधन निबंधांतल्या संशयास्पद आकृत्यांचा पाठपुरावा केला आणि २०२३ मध्ये अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं, हे लेखकाने मनापासून लिहिलं आहे. पण शेवटी ‘आपली मुलं रीलमधून डोकं वर काढत नाहीत’ हे वाक्य कशासाठी? ते वाचून राहवलं नाही.

माझी मुलगी नागपुरातल्याच एका महाविद्यालयात शिकते. तिथे मुलं भित्तिपत्रक काढतात. गेल्या सत्रात तिने ग्रंथालयाची बातमी केली. फलकावर वाचनकक्षाची वेळ सहापर्यंत, कुलूप मात्र पाचलाच लागतं आणि सायन्सच्या मुलांची प्रॅक्टिकल्स सुटतात सव्वापाचला. पोरीने दाराशी उभं राहून वेळा टिपल्या, कुलपाचा फोटो काढला. ग्रंथपालांना भेटून त्यांचीही बाजू घेतली: एक परिचर निवृत्त झाले, ती जागा अजून भरलेली नाही. तेही बातमीत होतं. रात्री हॉलमध्ये ड्रॉइंग शीट पसरून चौघींनी ते सुवाच्य अक्षरात उतरवलं.

सकाळी लावलं, दुपारी गायब. फलकावर पिना आणि त्यात अडकलेले कागदाचे कोपरे तेवढे उरले. शिपाई म्हणाला, “मी का करू ताई, वरून सांगून राहिले.” प्राचार्यांनी चौघींना बोलावून ‘नॅकची (महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या संस्थेची) समिती यायची आहे आणि तुम्ही कॉलेजची बदनामी करता’ असं सुनावलं, माफीचा अर्ज लिहून घेतला. बातमीतलं अमुक वाक्य खोटं आहे, असं मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत. आता त्या जागी स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांचे फोटो आहेत.

‘स्टॅनफोर्ड डेली’ १९७३ पासून विद्यापीठापासून स्वतंत्र आहे. अध्यक्षांवर लिहिलेलं अध्यक्षांकडून मंजूर करून घ्यावं लागत नाही, म्हणून ते छापून येतं. लेखात ही गोष्ट यायला हवी होती. आमच्याकडे प्रवेशाच्या पावतीवर मॅगझिन फी मुलांकडूनच घेतात, पण वार्षिकांकात काय जाईल ते व्यवस्थापन ठरवतं. सुरुवातीला संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य यांचे संदेश आणि फोटो, मग उरलेल्या जागेत पावसावरच्या कविता. ‘केसरी’ सुरू झाला तेव्हा त्याचे संपादक आगरकर चोवीस वर्षांचे होते. आमची विशीतली मुलं वाचनकक्षाच्या कुलपाबद्दलही लिहू शकत नाहीत. त्यांच्या फीमधून निघणाऱ्या अंकाचं संपादन त्यांच्याकडे द्या. शिक्षकांनी शुद्धलेखन तपासावं, तथ्यं विचारावीत, पण खरी ठरलेली बातमी काढण्याचा अधिकार कोणालाही नसावा.

आणि एक आपल्याकडेही मागणं आहे. आपल्या अंकात महाविद्यालयीन मुलांसाठी आठवड्यातून एक पान असायचं. माझी मुलगी त्याची कात्रणं जपून ठेवायची. आता त्या जागी कोचिंग क्लासची पानभर जाहिरात असते. मुलं लिहीत नाहीत असं छापण्याआधी ते पान पुन्हा सुरू करा. पहिल्या अंकासाठी ग्रंथालयाची बातमी फोटोसह तयार आहे, कळवलंत तर पाठवते.

मुलीची शेवटची परीक्षा व्हायची आहे, म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक पालक, त्रिमूर्तीनगर, नागपूर