छप्पर पडलं, साहेब! : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या नाताळात आपण आमच्या लष्करी छावणीतल्या जुन्या चर्चमध्ये आलात, केक कापलात आणि मार्चअखेर दुरुस्तीचा निधी देण्याचा शब्द दिलात. मार्च गेला, पाऊस आला. परवाच्या रविवारी उपासना चालू असताना छप्पर पेलणाऱ्या कुजलेल्या लाकडी कैचीचा तुकडा कौलांसकट खाली आला, तो माझ्या खांद्यावर. गळ्याच्या हाडाला तडा गेलाय. उजवा हात झोळीत, म्हणून भाचीकडून लिहून घेतेय.

मी निवृत्त शिक्षिका, एकटी राहते. वेणी घालता येत नाही, भाकरी थापता येत नाही, रात्री कुशीवर वळले की जीव जातो. पेन्शन किती आणि औषधं कितीची, हा हिशेब तुमच्यापुढे मांडायची लाज वाटते. तुम्हाला वाटते का?

तुमच्या कार्यालयातून फोनवर उत्तर मिळालं, "पण मावशी, ते तर इंग्रजांचं चर्च ना?" इंग्रज १९४७ ला गेले हो! १९७० साली इथली अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चपंथाची, मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या भारतीय चर्चमध्ये सामील झाली. आमची उपासना मराठीत होते. माझे आजोबा त्या घंटेचा दोर ओढायचे. आणि परक्यांचं नकोच असेल, तर चर्चगेट लोकललाही हात दाखवू नका. मुंबईच्या किल्ल्याच्या ज्या दरवाजाने सेंट थॉमस चर्चकडे वाट जायची, त्याचंच ते नाव.

त्या सेंट थॉमसचा पाया १६७६ चा. भिंती जेमतेम उठल्या आणि काम बंद, चाळीसएक वर्षं! शेवटी रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने वर्गण्या गोळा केल्या, तेव्हा १७१८ च्या नाताळात दार उघडलं. कंपनी सरकारची ही परंपरा तुम्ही निष्ठेने चालवताय, अभिनंदन.

कुलाब्याचं अफगाण चर्च पाहिलंय? सुमारे दोनशे फुटी मनोरा, कुर्ल्याचा दगड, पोरबंदरचा दगड. आतल्या स्मृतिलेखात सिंध-अफगाणिस्तानच्या युद्धांत मेलेल्या अधिकाऱ्यांची नावं आहेत; शिपाई मात्र इतके मेले की नावं लिहिणं शक्य नाही, असं तिथेच कोरलंय. तुमची वारसायादी तशीच. मुंबईचे साहेब नावानिशी, तालुक्याच्या छावण्या 'इतर'मध्ये.

आणि दुरुस्ती झालीच नाही असंही नाही. मागे एकदा ठेकेदार येऊन गेला. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतींवर त्याने सिमेंटचा गिलावा चढवला, कारण निविदा सर्वांत कमी त्याचीच. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती कोंडून ठेवतं. कोंडलेली ओल वर चढली, भिंतीत बसलेली कैचीची सागवानी टोकं कुजली. माझा खांदा त्या कमी निविदेत धरला होता का?

मागणं एवढंच: जुन्या बांधकामाचा जाणकार पाठवा, काम चुन्यातच करा, तोवर छताला टेकू द्या. पण ऐकतंय कोण! गावची बारव सिमेंटची, देवळाच्या दगडी खांबांना ऑइलपेंट, वाड्याच्या जागी कॉम्प्लेक्स. धर्म कुठलाही असो, ठेकेदाराची जात एकच. वारसा सप्ताहाचे फलक मात्र दरवर्षी नवे, त्यावर तुमचा फोटो दगडी कमानीपेक्षा मोठा.

उत्तरात 'योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित' एवढंच लिहायचं असेल, तर टपालाचा खर्च वाचवा आणि त्यात दोन टेकू घ्या.

आपली (अजून तरी) मतदार,
एक निवृत्त शिक्षिका