बीदरचा मदरसा काळाने पाडलेला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला बीदरच्या सहलीवरचा लेख वाचला. किल्ला, बिदरी काम, झरणीचा नरसिंह सगळं आलं. महमूद गवानच्या मदरशाला मात्र एकच ओळ, तीही ‘काळाच्या ओघात पडझड झालेली वास्तू’ अशी. माझी हरकत त्या ‘काळाच्या ओघा’ला आहे.

इराणच्या गिलानहून आलेल्या या बहामनी वजिराने मदरसा १४७२ साली उभारला. त्याच सुमारास त्याच्या फौजा आपल्या सह्याद्रीतला खेळणा, म्हणजे विशाळगड, घेऊन गोव्यापर्यंत पोचल्या होत्या. तीन मजले, मधोमध चौक, दर्शनी बाजूला दोन मनोरे आणि ग्रंथालयात सुमारे ३००० हस्तलिखितं. पुढे विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचं फितुरीचं खोटं पत्र ओडिशाच्या राजाच्या नावे तयार केलं आणि १४८१ मध्ये सुलतानाने सत्तरी ओलांडलेल्या गवानचा शिरच्छेद करवला.

मदरसा मात्र टिकला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार फरिश्ता लिहितो, की इमारत नुकतीच पुरी झाल्यासारखी दिसते. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांत काळाने तिचं फारसं काही बिघडवलं नव्हतं. १६५७ मध्ये औरंगजेबाने बीदर घेतलं. नंतर तिथे घोडदळ राहू लागलं आणि खोल्यांत तोफेची दारू साठवली गेली. शतकाच्या अखेरीस तिचा स्फोट झाला. वीज पडली म्हणतात, पडलीही असेल. पण वर्गांत दारू नसती तर विजेने एवढं केलं असतं का? दर्शनी बाजूचा दक्षिणेकडचा मनोरा आणि त्यालगतचा भाग गेला. आजही तिथे उभं राहिलं की इमारत सुरीने कापल्यासारखी दिसते: एका हाताला तीन मजल्यांच्या कमानी, दुसऱ्या हाताला मोकळं आभाळ.

उरलेल्या मनोऱ्यावर निळ्या-पांढऱ्या फरशांची नागमोडी नक्षी जागोजाग शिल्लक आहे. फरशा गळल्या तिथे नुसता गिलावा दिसतो. मी उदगीरचा, त्यामुळे बीदरला जाणं-येणं असतं. दर वेळी तो मनोरा बघितल्याशिवाय पाय निघत नाही.

पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी. आणि जाणाऱ्यांसाठी एक सूचनाही जोडा: दर्शनी बाजू पूर्वेला आहे, तेव्हा सकाळीच जावं. दुपारनंतर फरशांचा रंग उठत नाही.

आपला,
एक वाचक, उदगीर